दिव्याचा पदर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा टोप आहे. माणसाच्या डोक्यावर घालायचा नव्हे, दिव्यावर घालायचा. माझा पत्रा आता जागोजागी तांबूस झाला आहे आणि आतला पांढरा रंग पोपडे धरून सुटतो आहे. माझी एक बाजू आखूड आहे आणि दुसरी चांगली वीतभर लांब. नवखा माणूस मला पाहतो तेव्हा त्याला वाटतं, कारागिराची कात्री चुकली. कात्री चुकली नव्हती. आठ दिवस डोकं खाजवून त्याने मला असं कापलं. का कापलं, ते सांगायला बसलो आहे. ऐंशी साल उंबऱ्यावर आलं आहे, आणि हे सगळं पाहिलेली काही माणसं आता राहिली नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

माझं गाव धामणदरी. अनसिंगहून वाशीमच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. त्याने तासभर चाललं की गाव येतं. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा आणि मधे काळी जमीन. टोप होण्याआधी मी तेलाचा डबा होतो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना खायला कोरडी सुकडी मिळायची, तिच्यासाठी आलेल्या तेलाचा. डबा रिकामा झाल्यावर भिवाजीने मला मागून घेतलं.

भिवाजी पत्र्याचं काम करायचा. वाशीमला एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं राहून तो शिकला होता. नरसाळी, चाळण्या, कंदिलाच्या टाक्या, गळक्या बादल्यांची बुडं, सगळं त्याच्या हातून व्हायचं. माणूस कमी बोलायचा. पत्रा हातात घेतला की आधी त्यावर बोटाने टिचकी मारून कान लावायचा, जसा काही पत्राच त्याला सांगणार होता, माझं काय कर. मला टिचकी मारून त्याने खुंटीला टांगून ठेवलं. दोन वर्षं मी तिथेच होतो आणि घरातलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

घर गावाच्या अगदी कडेला होतं. भिवाजीची बायको विमलबाई. तिच्या अंगणाला लागून रुपाबाईचं वावर. मधे काट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणात एक माणूस जाईल एवढी फट. ती फट दोघींच्या जाण्यायेण्याने पडली होती. रुपाबाई तांड्यावरची. तिचा नवरा प्रेमसिंग दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचा तो उन्हाळ्यात परत यायचा. मागे वावर, बैल, म्हातारी सासू, सगळं रुपाबाई एकटी सांभाळायची. एकीच्या वावरात निंदण असलं की दुसरी खुरपं घेऊन हजर. विमलबाईला गाणी म्हणायची सवय आणि रुपाबाईला ती मधेच तोडून हसायची सवय. मी खुंटीवरून ते हसणं ओळखायचो.

मग गावात वीज आली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्याची गोष्ट. सरपंच होते गोविंदसिंग. विजेसाठी ते तीन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले होते आणि गावातला एकही माणूस त्यांना त्याबद्दल वाकडा शब्द बोलू शकत नव्हता. ग्रामपंचायतीची नवी इमारत तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला तीन दगडी पायऱ्या, पायऱ्यांसमोर नाली. या इमारतीच्या कोपऱ्यावर, दोन पुरुष उंचीला, लोखंडी दांडा बसवून गोविंदसिंगांनी दोनशेचा बल्ब लावला. उघडा. त्या संध्याकाळी सगळं गाव आणि सगळा तांडा ओट्यासमोर जमला होता. रुपाबाईने दांड्याखालच्या भिंतीला हळदकुंकू लावलं. गोविंदसिंग म्हणाले, "अनसिंगच्या मोटार-स्टँडावरून दिसला पाहिजे आपला दिवा. लोकायनं म्हनलं पाहिजे, ते पाहा, धामणदरी."

आणि खरंच, दिवा लांबून दिसायचा. चांगली गोष्ट झाली म्हणून सगळे खूश होते. कोणाच्या मनात आलं नाही की लांबून दिसतो तो उजेड आपल्या पायाशी पडत नाही. विझवायचं कोणी नावच काढत नव्हतं. तिन्हीसांजेला लागलेला दिवा उजाडेपर्यंत जळायचा. त्याच्याभोवती पाखरांचा घोळका असायचा आणि सकाळी ओट्यावर पंखांचा खच पडलेला असायचा. तो ग्रामपंचायतीचा शिपाई लखीराम झाडून काढायचा.

याच लखीरामने पहिला धक्का खाल्ला. दिवेलागणीला तो समोरून येत होता. नजर दिव्याकडे गेली, डोळ्यांत सगळं पांढरं पांढरं झालं, आणि पाय पडला तो थेट नालीत. घोटा सुजून भोपळा झाला. लोक हसले. तो बिचारा ओट्यावर पाय लांब करून म्हणायचा, "चाळीस वर्षं अंधारात फिरलो, कदी पडलो नाई. उजेडात पडलो!" लोक आणखी हसायचे.

पावसाळा बरा झाला. गणपती उठले, पितृपक्ष आला. चहूकडे जवारी निसवायला लागली होती. वाऱ्यावर कणसं डुलायची. फक्त रुपाबाईच्या वावरात, ग्रामपंचायतीकडच्या बाजूला, काही वेगळंच चाललं होतं. तिथली जवारी सगळ्यांपेक्षा उंच, सगळ्यांपेक्षा हिरवीगार. पान पान नुसतं. कणसाचा पत्ता नाही. वावराचा दूरचा भाग ठीक होता, पण तो थोडका. चांगली जमीन सगळी या बाजूला होती. वर्षाची भाकरी याच तुकड्यातून निघायची. ती नाही निघाली तर या वर्षी प्रेमसिंगबरोबर रुपाबाईलाही कोयता घेऊन जावं लागणार होतं. घराला कुलूप, सासू नातेवाइकांकडे, बैल कोणाच्या तरी दावणीला.

अडलेल्या माणसाच्या कानाशी कोणीतरी येऊन बसतंच. तांड्यावरची लखमा म्हणून एक बाई होती. ती रुपाबाईला म्हणाली, "पोळ्याच्या अमावस्येले विमल तुह्या वावरात शिरली होती. म्या माह्या डोयानं पाह्यलं." एवढंच बोलून ती गेली. बाकीचं रुपाबाईच्या मनाने जोडलं.

त्या दिवशी दुपारी ती कुंपणाच्या फटीत येऊन उभी राहिली. आत आली नाही. मी खुंटीवर होतो. मला सगळं ऐकू आलं.

"विमल, खरं सांग. अमावस्येले माह्या वावरात कायले गेली होती?"

विमलबाई भांडी घासत होती. ती हसून म्हणाली, "अंबाडीची भाजी तोडाले. तूच तं म्हनली होती, लागन तवा नेत जा म्हनून."

"भाजी नेली का माह्या जवारीचं कनीस नेलं?"

विमलबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ती उठली. "काय म्हनून राह्यली तू रुपा? माह्याकडं पाहून बोल."

"मी कायले पाहू? आयतवारी भगत येनार हाय. तो पाहीन."

रुपाबाई गेली. संध्याकाळी त्या फटीत बाभळीचा मोठा काटेरी ढापा आडवा पडलेला होता.

भिवाजी घरी आला तेव्हा त्याला हे कळलं. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. हातोडी ठेवून तो म्हणाला, "चाल, आत्ताच सरपंचाकडं जाऊ. हे काय चाललं? आपन धम्म घेतला तवाच करनी-भानामती सोडली. आन आता आपल्याच दारात हे?"

विमलबाई चुलीजवळ गुडघ्यात डोकं घालून बसली होती. ती म्हणाली, "सरपंच काय कनीस देनार हाय का तिले? मले आधी पाहू द्या तुमी, हे काहून झालं ते. जवारीनं मनानं तं केलं नसन. काईतरी असनच."

आणि मित्रांनो, ती पाहत राहिली. तीन दिवस. सकाळी, दुपारी, दिवस बुडताना, अंगणातल्या उखळावर उभी राहून कुंपणावरून ती वावराकडे पाहायची. लोकांना वाटलं, बाई खुळी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात एक गोष्ट आली. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्याजवळ, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना निंब होता, चांगला बुंध्याचा. त्या निंबापासून निघून वावरात आतपर्यंत एक सरळ पट्टा गेला होता. जवळ अरुंद, लांब गेला तसा रुंद. आणि त्या पट्ट्यातल्या जवारीला कणसं होती. दोन्हीकडे नुसती पानं, मधे कणसं. अशी आखून दिल्यासारखी.

ती खाली उतरली आणि तशीच तांड्यावर गेली. रुपाबाईच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुह्या भगताले येऊ दे आयतवारी. आज मातर दिवस बुडताना तू वावरात ये. माह्याशी बोलू नको. नुसती ये आन पाह्य."

रुपाबाई आली. तिच्यामागे लखीराम लंगडत आला, आणि काहीतरी होणार म्हणून आणखी चार माणसं. भिवाजीही गेला होता. हे पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं, मला घडवताना त्याने ते तीनदा तरी सांगितलं. दिवस बुडाला. धुऱ्यावर सगळे उभे. विमलबाईने लखीरामला दिवा लावायला पाठवलं. दिवा लागला. आणि निंबाची सावली जवारीवर पडली. बरोबर त्या पट्ट्यावर. या कडेपासून त्या कडेपर्यंत, जिथे सावली तिथे कणसं आणि जिथे उजेड तिथे पानं. जवारीच्या एका ताटाचाही फरक नव्हता.

रुपाबाई पुढे गेली, सावलीतलं एक कणीस तिने हातात धरलं. मग उजेडातलं एक ताट वाकवून त्याच्या शेंड्यात पाहिलं. तिथे कणसाच्या आधी फुगणारी पोटरीसुद्धा नव्हती. ती म्हणाली, "रातभर जागं ठेवलं याले. झोपूच देल्लं नाई."

"मानसाले झोप लागते, ढोराले लागते," विमलबाई म्हणाली. "जवारीले काहून नाई लागनार?"

रुपाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजी उठला तेव्हा कुंपणातला बाभळीचा ढापा ओढून बाजूला टाकलेला होता, आणि फटीत एक पितळी तांब्या ठेवला होता. ताकाचा. भगताला नको येऊ म्हणून निरोप गेला.

आता प्रश्न दिव्याचा होता. ओट्यावर बैठक बसली. गोविंदसिंगांना आधी हे पटेच ना. आणि पटलं तेव्हा वाईट फार वाटलं.

"माह्याच दिव्यानं माह्या काकीचं वावर खाल्लं म्हनता?" ते म्हणाले. रुपाबाई नात्याने त्यांची काकी लागायची. "मंग काय, विझवून टाकू? तीन वर्षं चपला झिजवल्या म्या या उजेडासाठी. लोकायले अंधारातून काढलं. आन आता म्हना, सरपंच, दिवा काढा."

तेव्हा मागे उकिडवा बसलेला भिवाजी उठला. चारचौघांत बोलण्याचा त्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. "दिवा काढू नका सरपंच," तो म्हणाला. "दिव्याचं काई चुकलं नाई. उजेड जिकडं पाह्यजे तिकडं कमी जाते, नाई पाह्यजे तिकडं जास्ती जाते. मले आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत मी खुंटीवरून खाली आलो.

पण लगेच कात्री लागली नाही. भिवाजीने आधी मला हातही लावला नाही. रोज दिवस बुडताना तो एक सूप घेऊन ग्रामपंचायतीजवळ जायचा. शिडीवर चढून ते सूप दिव्याच्या आड धरायचा, कधी सपाट, कधी तिरकं. खाली लखीराम हातात चुन्याची फक्की घेऊन उभा. उजेडाची कड जमिनीवर जिथे पडेल तिथे तो रेघ ओढायचा. आणि वावरात, जवारीच्या ताटांमधे, विमलबाई आणि रुपाबाई. भिवाजी वरून ओरडायचा, "दिवा दिसते का तिथून?"

"दिसते!"

"आता?"

"अर्धा दिसते!"

"आता?"

"नाई दिसत. उजेड दिसते, दिवा नाई दिसत!"

हेच त्याला हवं होतं. तो घरी येऊन म्हणायचा, "जिथून दिवा डोयाले दिसते, तिथं तो डोयातच जाते. वाटेवर पडत नाई." लखीराम नालीत का पडला, तेही त्याला याच्यातूनच कळलं. पायऱ्या, नाली आणि ओट्यासमोरची वाट, एवढ्यावर उजेड हवा. इमारतीच्या भिंतीवर नको, आभाळात नको, वावरात तर नकोच. चौथ्या दिवशी त्याने कोळशाने जमिनीवर माझा आकार काढला. वाटेच्या बाजूला आखूड. धुऱ्याच्या बाजूला लांब, खाली वाकलेला.

मग त्याने मला कापलं. कात्री लागली तेव्हा कसं वाटलं, ते विचारू नका. हातोडीचे घाव सोसले, कड दुमडून घेतली. जोड देताना त्याने कथिलाचा डाख वापरला नाही, बल्बच्या आचेने तो वितळला असता. त्याने बारीक रिबिटा ठोकल्या, अकरा. वर गरम हवा जायला फटी ठेवल्या, पण त्यांच्यावर छोटी पाती वाकवली, म्हणजे त्यांतूनही उजेड वर जाऊ नये. आतून पांढरा रंग दिला, बाहेरून काळा. विमलबाई मला हातात घेऊन फिरवून पाहत होती. माझी लांब बाजू बोटाने चाचपून ती म्हणाली, "हे तं दिव्यानं पदर घेतल्यावानी झालं." तेव्हापासून गावात माझं नाव पडलं, दिव्याचा पदर.

मला बसवलं त्या संध्याकाळी पुन्हा सगळे जमले, वीज आली होती त्या दिवसासारखे. दोनशेचा बल्ब काढून भिवाजीने साठचाच लावला. लोक कुजबुजले, एवढाच? दिवा लागला आणि माझ्या आतून उजेड खाली सांडला. पायरी न् पायरी दिसली. नालीचा काठ दिसला. लखीराम तिसऱ्या पायरीवर वाकला आणि फटीत पडलेली एक सुपारी त्याने उचलून दाखवली. "दोनशेच्या उजेडात मले नाली दिसली नाई, साठच्या उजेडात सुपारी दिसून राह्यली!" यावेळी लोक त्याच्याबरोबर हसले.

गोविंदसिंग मात्र गुपचूप पार ओढ्यापर्यंत चालत गेले. तिथून त्यांनी गावाकडे पाहिलं. दिवा दिसेना. परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. "गाव दिसत नाई आता लांबून," ते म्हणाले.

रुपाबाई ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "लांबच्याले दाखवून काय करतं बापू? जवळच्याले दिसू दे." गोविंदसिंग पायरीवर बसले. बसल्या जागी त्यांनी आपल्या हातांचे तळवे उजेडात धरून उलटेसुलटे पाहिले. मग हळूच म्हणाले, "दिसते तं चांगलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी लखीरामला सांगून टाकलं, अनसिंगची शेवटची एसटी फाट्यावर येऊन गेली आणि माणसं घरी पोचली की दिवा बंद करायचा.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. त्या वर्षी रुपाबाईची जवारी भरून निघाली, असं झालं नाही. उशीर झाला होता. पण सव्वा महिन्याने त्या हिरव्यागार ताटांना पोटऱ्या आल्या, आणि मागून कणसं. बारकी, विरळ, पण कणसं. दूरच्या तुकड्याची आणि ही मिळून उन्हाळ्यापर्यंत भाकरीची सोय झाली. प्रेमसिंग एकटाच ऊस तोडायला गेला. रुपाबाईच्या घराला कुलूप लागलं नाही. कापणीला विमलबाई विळा घेऊन गेली तेव्हा रुपाबाईने तिच्याकडे न पाहता म्हटलं, "त्या दिवशी मी बोलली ते..." विमलबाईने तिला पुढे बोलू दिलं नाही. एक गाणं सुरू केलं. आणि रुपाबाईने ते मधेच तोडून हसायला हवं होतं, तर ती रडली.

पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. माझ्या खाली काय काय झालं! पंचायतीच्या बैठका, पोथ्या, जयंतीच्या मिरवणुकीची तयारी, तांड्यावरच्या बायांचं फेर धरून नाचणं. ओट्यावर मुलं अभ्यासाला बसायची. माझा उजेड पिवळसर, ऊबदार होता. आणि माझ्या कडेच्या पलीकडे लगेच अंधार सुरू व्हायचा, पण तो भीतीचा नसायचा. डोळे दिपलेले नसले की अंधारातही माणसाला बरंच दिसतं. माझी कीर्ती केनवडपर्यंत गेली. तिकडून एक गुरुजी शाळेच्या दिव्यासाठी माप न्यायला आले. भिवाजीने माप दिलं नाही. "हे माप या जागेचं हाय," तो म्हणाला. "तुमची वाट कोनती, वावर कुठं, शेजारी कोन झोपते, ते पाहू द्या. मंग कापतो." आणि तो खरंच दोन दिवस केनवडला जाऊन राहिला.

सत्त्याहत्तरच्या थंडीत भिवाजी गेला. ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. त्याची अंत्ययात्रा ग्रामपंचायतीसमोरून गेली. दिवस होता, मी विझलेला होतो. मला काहीच करता आलं नाही.

पुढच्या वर्षी नवे सरपंच आले, मोहनसिंग. तरुण, हौशी माणूस. त्यांनी चौकाच्या मधोमध उंच खांब उभारला आणि त्यावर नव्या तऱ्हेचा पांढरा झगझगीत दिवा लावला. निळसर पांढरा. लोक पुन्हा खूश झाले. वावर तिथून लांब होतं, तेव्हा कोणाच्या पिकाचं नुकसान नव्हतं. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यावरचा दांडा उपटला आणि मला मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या ढिगावर फेकलं. तिथे पावसाळ्यात छत गळायचं. माझ्या आत पाणी साचायचं. गंज कसा चढतो हे मला तिथे कळलं. आधी कडेला, मग रिबिटांभोवती. ज्या माणसाने मला टिचकी मारून ऐकलं होतं तो नव्हता, आणि दुसऱ्या कोणाला मी काय आहे ते ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास बाहेर काहीतरी घडत होतं, ते मला नंतर कळलं. विमलबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. वाशीमच्या शिबिरात तिचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. तिचं दार बरोबर चौकाकडे तोंड करून होतं. दिवस बुडाला की तो पांढरा दिवा तिच्या अंगणात, थेट तिच्या भिंगांत घुसायचा. डोळ्यांतून पाणी वाहायचं. जन्मभर संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर बसणारी बाई दार लावून आत बसायला लागली. तक्रार तिने कोणाकडे केली नाही. सगळ्या गावाला तो दिवा आवडत होता.

रुपाबाईच्या हे लक्षात आलं. एका संध्याकाळी तिने दार वाजवलं. "काहून वं, दिवस बुडत नाई तं दार लावून बसतं?"

"डोयाले टोचते तो दिवा. सुया मारल्यावानी."

"मंग सांगत काहून नाई मोहनसिंगले?"

"काय सांगू? माह्या एकटीच्या डोयासाठी गावाचा दिवा काढ म्हनू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाबाई ग्रामपंचायतीत येऊन बसली. मला मागच्या खोलीतून तिचा आवाज ऐकू आला आणि माझा पत्रा, खरं सांगतो, थरथरला. "मले तो टोप दे," ती म्हणत होती.

"कोनता टोप, आजी?" मोहनसिंग म्हणाले. "ते भंगार? त्याले गंज लागला. आन तुमच्या वावराले आता दिवा लागत नाई."

"भंगार तुह्यासाठी. मले दे."

तिने मला पदराने पुसलं. चिंच आणि राख लावून घासलं. मग विमलबाईच्या अंगणात नेऊन एका बांबूला माझी लांब बाजू चौकाकडे करून बांधायला लागली. विमलबाई खाटेवर, कपाळावर हात आडवा धरून. रुपाबाई मला कधी वर करायची, कधी खाली, कधी थोडं वळवायची. शेवटी विमलबाईचा हात कपाळावरून खाली आला. तिने आभाळाकडे पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिला अंगणातून चांदण्या दिसल्या. तिच्या चेहऱ्यावर माझी सावली पडली होती. आजवर मी उजेड खाली पाडायचं काम केलं होतं. त्या संध्याकाळी मी एका माणसावर सावली धरली.

दोघी बोलत बसल्या. विमलबाईने एक गाणं सुरू केलं आणि रुपाबाईने ते मधेच तोडलं. खळखळून हसून.

चार दिवसांनी मोहनसिंग आले. बांबूला टांगलेला गंजका टोप पाहून गावात बोलणं झालं असणार. ते आधी हसले. मग रुपाबाईने त्यांना खाटेवर बसवलं आणि मला बाजूला सरकवलं. "बस. पाह्य तिकडं. तिच्या डोयानं पाह्य."

मोहनसिंग बसले. थोड्या वेळाने त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. मग म्हणाले, "मी कदी या बाजूनं पाह्यलंच नाई."

"कोनी पाह्यत नाई," विमलबाई शांतपणे म्हणाली. "दिवा लावनारा दिव्याखाली उभा राह्यते."

"उद्याच वायरमनले बोलावतो," ते म्हणाले. तो उद्या यायला तीन महिने लागले, पण आला. वायरमन मला हातात घेऊन उलटसुलट पाहत होता. "हे कोनं केलं?" त्याने विचारलं. विमलबाईने नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खांबावरच्या दिव्याला झाकण बसलं, दिव्याचं तोंड खाली झालं. माझ्याइतकं नीट नाही, पण बरं आहे.

मी अजून याच अंगणात आहे. आता खरं तर माझी गरज नाही, पण बांबूवरून मला कोणी काढलं नाही. माझ्या रिबिटांपैकी दोन सुटल्या आहेत. नऊ घट्ट आहेत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल, शाळा बांधाल, त्यांच्यापुढे दिवे लावाल. जरूर लावा. अंधारात ठेचाळणाऱ्याला उजेडाची किंमत मी काय सांगू! पण दिवा हवा तेवढाच घ्या, त्याचं तोंड जमिनीकडे करा आणि काम झालं की त्याला विश्रांती द्या. आणि लावून झाल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका. आधी रस्ता ओलांडून पलीकडे जा. तिथे एखादं वावर असेल, झाडावर घरटं असेल, एखाद्या म्हाताऱ्या बाईची खाट असेल. त्या खाटेवर जरा वेळ बसा, आणि तिथून आपल्या दिव्याकडे पाहा.